एफीची आरी

बेटावरच्या स्टोर्नोवे गावच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत केटच्या पुढंच म्हातारी एफी उभी होती. मुलीकडे, ग्लासगोला, कायमची निघालेली. तिची बॅग रॉरी म्हाताऱ्यानं घट्ट धरून ठेवली होती.

“नकाशावाले आले होते. माळावरच्या त्या टेकाडाचं नाव विचारत होते. मी सांगून टाकलं, एफीची आरी.”

“थापाड्या! आरी, म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन राहायची ती झोपडी, होती मोरागताईची. मी नुसती लोणी काढायला.”

“मोराग गेली कॅनडात. शेवटची चूल विझवून खाली कोण आलं? तू. मग आरी तुझीच.”

“आणि तू धुक्यात वासरांच्या गोठ्यापुढं गात बसायचास.”

“तुझीच झोपडी समजून गं!”

“आठवडाभर गाईंनी दूध दिलं नाही, मेल्या.”

“भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर घातलंय मी.”

“या वयात? कशाला?”

“नाव नकाशावर, अन् बाई ग्लासगोला! बरं दिसतं का ते?”

“पोरगी ओरडेल रे.”

“ओरडू दे. मधे समुद्र आहे.”

रांग सरकली. एफी मागं, केटकडे वळली.

“बाई, तुम्ही व्हा पुढं.”