आप्पांच्या उशाची सीडी

लांब केसवाला संज्या आठवतोय ना, कारेगावच्या कंपनीत लागलेला? एका उन्हाळ्यात तो पाटसला घरी आला, तो एक सीडी घेऊनच. मला म्हणला, "ह्यात ब्लॅक मेटल आन् शूगेझ, असं दोन तऱ्हंचं विंग्रजी संगीत एकत्र हाय. आत किंकाळ्या, वरनं गिटारींचं धुकं. भल्याभल्यांची झोप उडती!"

त्याच्या आप्पांचा जन्म साखर कारखान्यात ऊस गाळायच्या मिलवर गेलेला. हंगाम संपला की मिलची घरघर बंद, आन् आप्पांची झोपबी बंद. मग दिवसभर घरादारावर खेकसत बसायचे.

संज्यानं दुपारी आवाज वाढवून सीडी लावली. मी तर कानात बोटं घातली. आप्पा मात्र खाटेवर आडवे झाले आन् चक्क घोरायला लागले. संज्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

तेवढ्यात सगळा दंगा थांबून एकटीच गिटार हळू वाजायला लागली. आप्पा ताडकन उठले आन् चपला शोधत ओरडले, "मिल का थांबली रं?"

सुट्टी संपल्यावर संज्यानं सीडी मागितली. आप्पांनी ती उशाखाली सारली आन् म्हणले, "गळीत सुरू झालं की घिऊन जा."