कॅमेऱ्यात कानटोपी

वेस्ट विंडसरच्या देशी किराणा दुकानात, बिलाच्या रांगेत, माझ्यापुढे एक काका आणि त्यांचा पुतण्या. काकू विसरलेली कोथिंबीर आणायला पुन्हा आत गेल्या होत्या.

“सुशांत, ते शुक्रवारचं रेकॉर्डिंग डिलीट करून टाक ना.”

“काका, कॅसिनोचे कॅमेरे मी नुसते बघतो. डिलीट केलं तर माझं लायसन्स जाईल.”

“पण गार्डला कळवलंस कशाला? सख्खा पुतण्या ना तू!”

“जुगार सुटावा म्हणून, मला आत सोडू नका, असं तुम्हीच कॅसिनोला सही करून दिलंय. त्या लिस्टमधला माणूस दिसला की कळवावंच लागतं. नियम आहे.”

“ओळखलंस तरी कसं? कानटोपी घातली होती मी.”

“अख्ख्या पार्किंगमध्ये कानटोपीवाले तुम्ही एकटेच होतात. त्यात ती काकूने विणलेली.”

रांग पुढे सरकली.

“तिला बोललास?”

“कॅमेऱ्यात दिसलेलं घरी सांगायचं नसतं. तोही नियमच.”

“हा नियम बरा आहे.”

“बरा कसला? काल तिने विचारलं, शुक्रवारी हे कुठे होते रे? मी गप्प बसलो. तिच्यासमोर, पहिल्यांदाच.”

“आली बघ.”

“एकच जुडी धड मिळाली. काय चाललंय तुमचं?”

“सुशांतच्या कामाचं.”

“काय म्हणतंय काम?”

“वीणा, शुक्रवारी मी तिथे गेलो होतो. दारातूनच परत पाठवलं मला.”

रांग पुढे सरकली. ते तिघे सरकले नाहीत.

“गाडीची किल्ली द्या इकडे.”