भरतीला पूल, ओहोटीला चिखल

दिघीच्या जेटीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीसाठी रांग होती. माझ्या पुढ्यात एक जोडपं उभं होतं.

“स्वतःची केबिनवाली बोट खाडीत पुलाच्या आत अडकलीय, आणि आपण इथे तिकिटाच्या रांगेत!”

“साक्षी, हळू बोल. भरतीला तिचा टप पुलाला घासतो, त्याला मी काय करू?”

“आधी नव्हता घासत. तुम्ही वर एसी बसवलात.”

“आत उकडतं म्हणून तूच मागे लागली होतीस.”

“मग ओहोटीला बाहेर काढा ना तिला.”

“ओहोटीला ती चिखलात बसते.”

“आणि मधल्या वेळेला?”

“मधे जेमतेम अर्धा तास मिळतो. तेवढ्यात इंजिन सुरू झालं पाहिजे ना!”

“मग उपटून टाका तो एसी!”

“उपटला की टपाला भोक राहणार. पावसाचं पाणी थेट नव्या गादीवर.”

“देवा रे! गादी झाली, एसी झाला, आता पलीकडच्या शिंप्याकडून पडदे आणायचे! त्या खिडकीतून दिसतं तरी काय हो? पुलाचा खांब!”

“म्हणूनच तर पडदे.”