व्याह्यांचा जिल्हा

बरकतपुऱ्याच्या बसथांब्यावर माझ्या शेजारीच म्हातारे हिम्मतराव इंदुताईंना जर्मनीची गोष्ट सांगत होते.

"लेकीच्या होणाऱ्या जर्मन सासऱ्यांपुढे, म्हणजे माझ्या व्याह्यांपुढे, मी त्यांच्याच जिल्ह्याचा भूगोल झाडला. नद्या, बटाटे, सगळं पाठ!"

"खूश झाले असतील?"

"म्हणाले, तो जिल्हा केव्हाच शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला."

"अय्यो!"

"आणि मी भूगोलाचा मास्तर! लेकीनं कपाळावर हात मारला."

"मग सोयरीक?"

"मी म्हटलं, माझंही तसंच. जन्म निजामाच्या राज्यात, नोकरी आंध्रात, म्हातारपण तेलंगणात. घर मात्र विद्यानगरातच."

"मग?"

"हसले. गोठ्याच्या दारावरचं जुन्या जिल्ह्याचं पुसट नाव दाखवलं. मी हौसेनं रंगवून दिलं, तर त्यात एक अक्षर चुकलं."

"अगं बाई! रागावले?"

"म्हणाले, राहू द्या, व्याहीबुवा. जिल्हाच उरला नाही, आता चूक काढणार कोण?"