साध्या आवाजात

बहीण : ‘सावकाश जेवा, मंडळी, घाई नाही.’ आपल्या लग्नाच्या हॉलच्या जेवणघरात, याच दारात उभे राहून म्हणायचे बाबा. आवाज न चढवता. पार शेवटच्या टेबलापर्यंत जायचा.

भाऊ : तेव्हा लाकडी छत होतं, चिमे. तू खाली गुळगुळीत फरशी घातलीस, भिंतीला आरसे, बाजूला काचा. आवाजाला टेकायला जागाच नाही. फिरत राहतो बिचारा.

बहीण : परवा एक आजोबा नि त्यांची नात समोरासमोर बसून कागदावर लिहून बोलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून तर तुला शोधून काढलं.

भाऊ : ऐकू येत नाही म्हणून लोक ओरडतात, लोक ओरडतात म्हणून पलीकडे नाचाची गाणी लावणारा तुझा माणूस आवाज आणखी चढवतो. बाबा वाजवणाऱ्यांना जेवणाकडे पाठ करून बसवायचे. मीही तेच केलंय. स्पीकर नाचाकडे वळवले, भिंतींना लोकरीच्या गाद्या, दाराला जाड पडदा.

बहीण : इतकी वर्षं परक्यांच्या भिंती गप्प करत हिंडलास. आपलं घर नाही आठवलं?

भाऊ : आठवायचं की. कुठल्याही हॉलच्या जेवणघरात शिरलो की नजर आधी दाराकडे जायची. पण बाबांनीच नको म्हटल्यावर कुठल्या तोंडानं येणार? नि आता तेही गेले. असो. तू त्या टोकाच्या टेबलावर बस. मी गाणं लावतो, रोजच्याएवढं. साध्या आवाजात बोल, मी इथून तेच परत म्हणेन.

(पलीकडच्या दालनात गाणं सुरू होतं.)

बहीण : चमचे कमी पडलेत.

भाऊ : चमचे कमी पडलेत. पुढे.

बहीण : दादा जाड झालाय.

भाऊ : दादा जाड झालाय. असलं ओळखीचं नको गं, कान अंदाजानं भरून काढतो. मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांग.

बहीण : नको.

भाऊ : नको. हे आलं ऐकू. पुढे?

बहीण : गाणं बंद कर ना जरा.

भाऊ : मग तपासायचं काय? बोल.

बहीण : तू फोन केला होतास, परत येऊ का म्हणून. हॉल नुकता माझ्या हाती आला होता. बाबा नको म्हणाले, असं मी तुला सांगितलं.

भाऊ : बाबा नको म्हणाले, असं मी तुला...

बहीण : मी त्यांना विचारलंच नव्हतं, दादा.