नाई म्हनायले शिकवलं

मी मूळची खाप्याची जी, लगन होऊन नागपुरात आली, अन् मालक गेल्यापासून कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडून राहिली. माहा एकच पोरगा, विलास. वय चौतीस, पन अक्कल सहा वर्षाच्या लेकराची. मोहल्ल्यातले पोट्टे त्याले मारत, मंग मीच शिकवलं का बाप्पा, कोनी आवाज चढवला का हात जोडायचे अन् हाव म्हनायचं, वाद नाई घालायचा, हाव म्हनलं का मानूस नरमतो. काय सांगू तुम्हाले, मीच शिकवलं.

बाजारात कोन्या व्यापाऱ्याच्या गाडीची बॅटरी चोरी गेली. बाकीचे पोट्टे पळाले, हा तिथंच उभा. पोलिसानं इचारलं, तू नेली का बे? हाव. आनखी कोन होतं? हाव. विकली का? हाव. अन् हात जोडलेले! टाकलं आत. मी म्हनलं साहेब, बॅटरी काय असते थे तरी त्याले माहीत हाय का? तं म्हने बाई, त्यानंच कबूल केलं, आम्ही काय करनार.

मंग सदर भागातल्या एका संस्थेतली मॅडम धावून आली, लय मायेची पोरगी. तिनं वकील पाहून देला, डॉक्टरच्या कागदासाठी माह्यासंग दवाखान्याचे चक्कर मारले. म्हने काकू, त्याले नाई म्हनायले शिकवा. मी जेलात मुलाखतीले जाळीच्या इकडून शिकवून राहिली. बॅटरी नेली का? हाव. अरे माह्या राजा, नाई म्हन. हाव. मी कपाळ बडवलं, हसली बी अन् रडली बी. पन चार मुलाखतीत शिकला जी, काही इचारा, नाई म्हने.

तारखेले जजसाहेब चांगले भेटले. म्हने आईच्या ताब्यात देतो. मंग साहेबानंच मायेनं त्यालेच इचारलं, ही तुही आई ना बेटा? जाशील तिच्यासंग?

विलासनं माह्याकडे पाहलं, अन् छाती फुगवून म्हनला, नाई.

मॅडम बोलली, वकील बोलला, मी तं पायच धरनार होती. साहेब म्हनले, डॉक्टरचा रिपोर्ट येऊ द्या, मंग पाहू. पुढची तारीख पडली. पोलीस त्याले नेऊन राहिले तं हा वळून वळून पाहे, आई शाबास म्हनन म्हून. अन् मी म्हनलं जी, शाबास म्हनलं, दुसरं काय म्हनू?

त्या मॅडमचं भलं होवो. सोमवारी पुन्हा मुलाखत हाय, पन आता त्याले काय शिकवू थे मले समजून नाई राहिलं.