चौथी नोंद

— नाही, नाही, ते आधी खोडा. "कर्मचाऱ्याचा बदलाला विरोध" असं टाकलंत ना आत्ता तुमच्या तक्त्यात? मला उलटं वाचता येतं, साहेब. सत्तावीस वर्षं या हॉस्पिटलच्या मशीनरूममध्ये लोकांच्या खांद्यावरून पडदे वाचत आलेय. विरोध कसला? तुमची कंपनी रविवारी नवे सर्व्हर सुरू करणार, सगळ्या पेशंटांची माहिती तिकडे नेणार आणि हे कपाटाएवढं धूड भंगारात जाणार — जाऊ दे की! मला काय त्याचं सोयरसुतक? याचे सुटे भाग मिळत नाहीत, याची भाषा येणारी माणसं मिळत नाहीत. गेल्या वर्षी एका निवृत्त गृहस्थांना घरून उचलून आणलं, तर ते चष्माच विसरून आले. मी अक्षरं वाचून दाखवायची नि त्यांनी चुका सांगायच्या! तेव्हा मेनफ्रेमच्या प्रेमात वगैरे मी नाहीये. हे लिहून घ्या.

मग अडवते कशाला? अहो, अडवते कुठे — सांगतेय! अकरा मीटिंगा झाल्या. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच रंगीत बाण आणि ढगांची चित्रं, आणि दर वेळी मी एकच म्हणते की पेशंटांच्या अ‍ॅलर्जीच्या नोंदी हाताने तपासा. की लगेच तुमचा कोणीतरी हसतो — "मॅडम, दोनशे पेशंट तपासले, शंभर टक्के जुळले." जुळणारच! ज्याला एखादी-दुसरी अ‍ॅलर्जी आहे त्याचं जुळणारच. चार अ‍ॅलर्जी असलेला एक तरी घेतलात का त्या दोनशेत? नाही घेतलात. डोकं फिरतं माझं. माझ्या पाठीमागे काय बोलतात तेही माहितीये — बाईला खुर्ची सोडवत नाही. बोला, बोला.

बरं, ऐका. हे मशीन आलं तेव्हा प्रत्येक पेशंटच्या नावापुढे अ‍ॅलर्जीसाठी तीनच जागा ठेवल्या होत्या. तीन पुरे, असं कोणाला तरी वाटलं असेल. चौथी नोंद केली तर मशीनने नाही म्हणायला हवं की नको? हे नाही म्हणायचं नाही. गुपचूप पहिली नोंद काढून टाकायचं आणि चौथी घ्यायचं. पडद्यावर सगळं कसं छान, तीन ओळी, कोणाला काही कळायचं नाही. — हो, ते दुरुस्त झालंय. मीच केलं. आता चौथी आणि त्यापुढची नोंद एका वेगळ्या फाइलीत जाते आणि पडदा उघडला की माझा प्रोग्राम दोन्हीकडची माहिती जोडून दाखवतो. एकोणीस वर्षं चाललंय बिनबोभाट. पण ती फाइल तुमच्या यादीत नाही. रविवारी तुम्ही कागदोपत्री आहे तेवढंच नेणार आणि अकराशे त्रेचाळीस माणसांची एकेक, दोन-दोन अ‍ॅलर्जी इथेच राहणार. काल मीच मोजलीयेत.

कागदोपत्री का नाही? — विचारलंतच शेवटी. राहून गेलं हो. कामाच्या रगाड्यात राहून जातं. तुमचं नाही राहत काही?

असं बघू नका माझ्याकडे.

ठीक आहे. राहून नाही गेलं. कागद करायचा तर वर तारीख येते, आणि दोष कधी सापडला ते लिहावं लागतं. मला तो सापडला होता दुरुस्तीच्या अकरा आठवडे आधी. याद्या तपासताना एका म्हाताऱ्याच्या चार अ‍ॅलर्जींपैकी तीनच दिसल्या, तेव्हा लक्षात आलं. गेले तशीच मोठ्या साहेबांकडे. ते म्हणाले, वरून तपासणीची माणसं येतायत, ती जाईपर्यंत चालत्या मशीनला हात लावू नका आणि बाहेर ब्र काढू नका. मी नाही काढला. ते साहेब आता हयात नाहीत, त्यांच्यावर ढकलायचीही सोय राहिली नाही — आणि ढकलू काय? डॉक्टरांना, नर्सना निदान कानात तरी सांगता आलं असतं ना मला? अकरा आठवडे होते. अकरा!

तर त्या अकरा आठवड्यांत माझ्या धाकट्या नणंदेचं पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स. ती एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायची. काय रेषा होती तिच्या हाताची, पट्टीसुद्धा लाजेल! मीच आणलं तिला इथे. तिला लहानपणापासून पेनिसिलिन चालत नाही, ती नोंद पहिल्यापासून होतीच. शिवाय सल्फाची गोळी आणि दुखण्यावरची एक गोळी. झाल्या तीन. नर्स बिचारी शांतपणे विचारत होती, आणखी काही? तर मी... मी म्हटलं, चिकटपट्टीचंही लिहा हो, हिला पुरळ उठतं.

मी म्हटलं, साहेब. दुसऱ्या कोणी नाही. मला माहीत होतं चौथीने काय होतं ते, साऱ्या इमारतीत मला आणि मोठ्या साहेबांनाच माहीत होतं, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. मी वहिनी म्हणून बोलत होते. नर्सने चिकटपट्टी टाकली, पेनिसिलिन गेलं, आणि मी तिच्या कपाळावर हात फिरवून खाली माझ्या कामाला आले. वर तिला पेनिसिलिनचंच इंजेक्शन दिलं. ती दुखण्याने अर्धवट शुद्धीत, ती काय सांगणार? चार मिनिटं हृदय थांबलं होतं तिचं.

वाचली. हो, वाचली. आमच्याकडेच असते. बोलताना शब्द अडकतात. उजवा हात थरथरतो, पेन्सिल नाही धरता येत. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगते माहितीये? "वहिनीच्या मशीनमुळे... रक्तगट... लगेच मिळाला... म्हणून मी आहे." एकेक शब्द ओढून काढते आणि माझ्याकडे कौतुकाने बघते. मी ताटं वाढायचं निमित्त काढून आत जाते. ह्यांना माहीत नाही. कोणाला माहीत नाही. दुरुस्ती मी त्याच आठवड्यात केली, कोणाला न विचारता. तपासणी वगैरे गेली खड्ड्यात.

चौकशी? झाली की. ठरलं असं, की नर्सने घाईत जुनी नोंद पुसली. ती रडून रडून सांगत होती — मी फक्त चिकटपट्टी लिहिली हो, पुसलं काहीच नाही. खरं बोलत होती. मी तिथेच बसले होते, टेबलाच्या या बाजूला. मला विचारलं, मशीन असं करू शकतं का? मी म्हटलं, नाही.

तिची नोकरी गेली. पुढे कुठे गेली, काय केलं, मी चौकशी केली नाही. खरं सांगायचं तर, करायची हिंमत झाली नाही.

का थांबलात? लिहा. दोष कधी सापडला, कोणाला सापडला, सगळं लिहा. नर्सने काही पुसलं नव्हतं ही ओळ वेगळी लिहा, ठळक. आणि त्याच्याही आधी फोन करून रविवारचं थांबवा. फाइल कुठे आहे ते मी दाखवते, तुमच्या माणसाला बसवा माझ्या शेजारी, तीन दिवसांत होईल.

घरी? घरचं तुम्ही नका विचारू. आज संध्याकाळी तिच्यासमोर बसेन आणि सांगेन. ती ऐकून घेईल, तिला मधे बोलता येत नाही ना... तेच तर.

पाणी नको मला. उठा. इथे रेंज मिळत नाही, जिन्यात जाऊन फोन लावा. आणि परत याल तेव्हा तुमच्या वरिष्ठांना बरोबर घेऊन या, त्यांच्यासमोर एकदाच सांगेन. आता जा. जा म्हणतेय ना!